पायरीचा स्लीपर

बायकोसंग मी शेवटचं गेलो ते रेल्वेच्या रुळाखालचा जुना लाकडी स्लीपर आणाले. तिचे गुडघे दुखत, दारापुढं पायरी पाहिजे होती. आमच्याकडची छोटी लाईन उखडली, तवा निघालेले स्लीपर एका ठेकेदारानं लिलावात घेतले होते.

ढिगापाशी त्याचा माणूस बसे. नाव मी विचारलं नाही. खर्रा चघळत तो स्लीपरवर सळाख ठोके अन् कान लावे. पोकळ वाजला की बाजूले फेके.

मी म्हटलं, "लाईनीच्या कडेले तर फुकट पडून हायेत."

"उचला, मंग जेलात बसा. हा लिलावातला हाय, पावतीसकट न्या बुवा."

बायको हासली, "टाका ह्यायले जेलात. मले निवांत झोप तरी लागल."

त्यानं तिले पाय उचलाले लावला, दुखलं तिथं थांबवला, अन् तेवढ्याच जाडीचा स्लीपर काढून देला.

पायरी बसवाच्या आधीच ती गेली. तेरवी झाल्यावर मी स्लीपर बैलबंडीत टाकून वापस नेला.

"बाई काहून नाही आल्या?"

"मेली. आता पायरी कायले पाहिजे?"

त्यानं खर्रा थुकला. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा स्लीपरवरून हात फिरवला.

"वापस घेत नाही. तुमचे गुडघे का लोखंडाचे हायेत?"

घरी येणारे सारे तिच्याबद्दलच बोलत. मी अजून जिता हावो, हे त्या परक्या माणसालेच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारापुढची माती खोदली अन् स्लीपर बसवला. पहिला पाय तिचा पडाचा होता. लय वेळ दारात उभा राहिलो, मंग मीच देला.