कावीळ उतरली

सोमवारी अ‍ॅडमिट, बुधवारी ऑपरेशन, असं ठरलं होतं. सोमवारी बाळारामकाका आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

"डाक्टर, कावील उतरली. खाज नाय, भूक पन लागते. आता पोट कशाला फारताव?"

काका पालेगावचे. जमीन बिल्डरकडे गेली, उरलेल्या तुकड्यात भाजी लावत. तीन आठवड्यांपूर्वी उल्हासनगरच्या माझ्या ओपीडीत आले तेव्हा डोळे पिवळेजर्द होते, पोटात मात्र दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या काविळीला आम्ही सर्जन घाबरतो. जठरामागे स्वादुपिंड असतं. पित्ताची नळी त्याच्यातून जाते. तिथे गाठ झाली की नळी दाबली जाते, पित्त अडतं, माणूस पिवळा पडतो. काकांची गाठ कॅन्सरची होती, पण लहान. या रोगाचे बहुतेक पेशंट आमच्याकडे उशिरा येतात. काका वेळेत आले होते.

कावीळ फार वाढलेली, सोबत ताप. म्हणून आधी दुर्बिणीतून स्टेंट टाकला. स्टेंट म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी. त्याने कावीळ उतरते. गाठ जागच्या जागी राहते.

तेव्हाच त्यांच्या मुलाने, विकासने, मला कॉरिडॉरमध्ये गाठलं होतं. "सर, प्लीज, पप्पांसमोर कॅन्सर बोलू नका. ते तिथेच खचतील. ब्लॉकेज आहे, बस, एवढंच सांगा ना."

ओपीडी भरलेली होती. मी हो म्हटलं. खरं तर मला ते सोयीचंच पडलं.

आता काका समोर हसत बसले होते.

"काका, आत गाठ आहे. ती काढावीच लागेल."

"साधीच ना?"

मी विकासकडे पाहिलं. "साधीच, पप्पा," तो म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ द्या तिला," काका म्हणाले आणि बॉक्स पुढे केला. मी पेढा खाल्ला. त्याची मला आजही लाज वाटते.

नंतर विकासला दोनदा फोन केला. "सर, ते ऐकतच नाहीत."

"मग खरं सांग."

"बघतो सर."

पाच महिन्यांनी काका परत आले, पुन्हा पिवळे, निम्मे झालेले. गाठ रक्तवाहिन्यांना चिकटली होती, यकृतातही पसरली होती. ऑपरेशनची वेळ गेली होती. या वेळी विकासला बाहेर बसवून मी काकांना सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "तवाच सांगितला असता, तं मी नाय म्हनलो असतो का?"



आता मी नातेवाइकांची विनंती ऐकून घेतो आणि पेशंटला विचारतो, "तुम्हाला सगळं सांगू का?" बहुतेक जण हो म्हणतात. एवढं शिकायला काकांचा जीव गेला.

आमच्या रिसर्चसाठी प्रत्येक पेशंटचा फॉर्म भरतात. ऑपरेशन का झालं नाही, याला तीन पर्याय आहेत: रोग पसरलेला, प्रकृती अयोग्य, पेशंटचा नकार. काकांच्या त्या सोमवारच्या फॉर्मवर मी पेनने लिहिलं, 'पेशंटला सांगितलं नव्हतं.'

डेटा बघणारी मुलगी फॉर्म घेऊन परत आली. "सर, असा ऑप्शन नाहीये."

मी 'पेशंटचा नकार'वर टिक केलं.