फ्लाव्हियाचो रोस

फ्लाव्हिया आमच्या शेजारीण. मसुऱ्यात लग्नाचो झगो शिवचो तर तो तिनाच. मी सांगतंय तसाच लिही दिव्या, गाळू नको काय. तीन वर्सांमागे तिना शेजारचा घर भाड्यान घेतल्यान आणि वांगडा रॉयडन रवाक इलो. होड्यांची मशिनां दुरुस्त करता तो. लगीन झालेला नाय. दोघां तशीच दोन वर्सां रवली.

वाडीत तोंडां सुटली. विमला माका म्हणता, "काकी, तुमच्या बाजूक ह्या काय चाललाहा?"

"कपडे वाळत घातलेहत," मी म्हटलंय. "आणि काय?"

खरा सांगू? पयल्यांदा माकाय बरा वाटाक नाय. पण मी बघी होतंय. भांडत तेवा सगळ्या वाडीक ऐकाक येय. मगे रॉयडन भायर येवन भांडी घाशी आणि ही दारातसून म्हणा, "टोपाची बूड कोण घासतलो, तुझो काको?" की दोघांय हसत.

आणि माझा? अंतरपाट काढलो तेवा मी घोवाचा तोंड बघलंय. ह्येंका सोलकढी आवडत नाय ता अकरा वर्सांनी कळला. अकरा वर्सां बापडे गपचूप पी होते. माया नाय होती असा नाय हां. पण इचारतलो कोण!

गेल्या मे म्हयन्यात तेंनी लगीन ठरवल्यानी. आणि अडला रोसावर. आपल्यात हळद लावतत, तसो तेंच्या किरिस्तांवात लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या दुधाचो रोस लावतत. व्हकलेक, म्हणजे नवरीक, तिच्या म्हायेरात, आणि पयलो हात आवशीचो. फ्लाव्हियाची आवस तेरेझाबाय जामसंड्याक. दोन वर्सां बोलाक नाय होती. तिना निरोप धाडल्यान, "माझ्या घरातसून गेलंस मां? मगे हंय रोस कसलो?"

फ्लाव्हियान आपल्या झग्याचो कपडो कापल्यानच नाय. म्हणा, "आवशीच्या हाताशिवाय रोस नको, आणि रोस नाय तर लगीनय नको."

मी म्हटलंय, "माझ्या खळ्यात बस. नारळ मी वाटतंय." आणि दिव्याच्या फोनवरसून तेरेझाबायक फोन लावलंय. "बाये, मी तुका बोलवक नाय. इतक्याच सांग, रोस दाट करतत की पातळ? माका म्हायत नाय."

मगे म्हणाली, "पाणी घालू नका," आणि फोन ठेवल्यान.

ता ऐकान फ्लाव्हियान झग्याचो कपडो कापूक घेतल्यान. रोसाच्या दिवशी तेरेझाबाय दुपारच्या एस्टीन हजर! पिशयेत पाच नारळ. माझो टोप बघून म्हणता, "काकी, ह्या ताक केलास काय?" पदर खोचून आपणच वाटूक बसली. फ्लाव्हिया पाटावर बसान रडा होती.

आवशीन इचारल्यान, "दोन वर्सां तेचो राग बघलंस?"

"होय."

"आळस? खोटा बोलणा?"

"सगळा बघलंय गो मम्मी."

"तरीय तोच होयो?"

"तोच."

तेरेझाबायन टोपात हात घातल्यान. "माका तुझ्या पप्पाबद्दल असा कोणी इचारूक नाय होता," म्हणाली, आणि वंजळभर रोस लेकीच्या डोक्यावर ओतल्यान. मगे आम्ही सगळ्यांनी लावलंव. मीय लावलंय, कुकवाच्या हातान.

टोपात थोडो उरलो होतो. तेरेझाबायन तो उचलल्यान आणि माका इचारल्यान, "जावय खंयच्या खोलीत बसलोहा?"