रजईवर आखलेली वाट

हिवाळ्याच्या उन्हात अंगणभर पसरलेली रजई आणि तिच्यावर पालथे पडलेले बाबा... एका हातात खडू, दुसऱ्या हाताचं बोट कापडावरून सावकाश सरकतंय, थांबतंय, पुन्हा मागे फिरतंय. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधली थंडी मला आठवते ती अशी, गोहलपूरहून पिंजून आणलेल्या कापसाच्या, मशीनच्या तेलाच्या आणि मटाराच्या ओल्या सालांच्या एकत्र वासासकट.

बाबा फॅक्टरीत सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढत आणि घरी आईच्या शिलाईसाठी वाट आखत. कापड पुढे ढकलणारे मशीनचे दाते आई खाली पाडून टाकी; मग सुई जागच्या जागी नाचत राही आणि आई दोन्ही हातांनी रजई हवी तशी फिरवत तिच्यावर वेली, लाटा, नागमोडी वळणं उमटवी. पण हा मोकळेपणा फसवा होता. दोरा तुटता कामा नये, रेघेने स्वतःला कुठेही छेदता कामा नये, मध्यातून निघून वळत वळत कडेला पोचायचं – हा बाबांचा दंडक! "शिरायच्या आधी निघायची वाट बघून ठेव, बेटा," ते म्हणत, आणि माझ्या पायांना मुंग्या येत. मी जन्माची उतावळी. त्यांचं ते रेंगाळणारं बोट पाहून मला अक्षरशः ओरडावंसं वाटे.

मी अकरा वर्षांची असताना नागपूरला आईचं ऑपरेशन झालं, छातीतली गाठ काढली. ती परतली, पण उजवा हात वर जाईना, आणि त्याहून वाईट म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं होतं. बाबा विनवण्या करत, शेजारच्या दीदी गप्पा मारायला येत... ती नुसतं "अच्छा" म्हणे आणि डोळे मिटून घेई. मला शाळेत बाकावर बसवत नसे, घरी माझं पाऊल ठरत नसे. ही अशीच पडून राहिली तर एक दिवस उठायचंच विसरून जाईल, ही भीती मी कुणालाही सांगितली नाही.

तिने माझ्यासाठी भरलेली पातळ रजई, कच्चे टाके घातलेली, मशीनशेजारी तशीच पडून होती. एका रविवारी बाबा म्हणाले, "आपण दोघंच करून टाकू." सकाळभर त्यांनी वाट आखली. दुपारी मी मशीनवर बसले, आईच्या खाटेपासून चार पावलांवर. अर्धी रजई मी शहाण्यासारखी शिवली. मग एका वळणावर पाय सुटला, खडूची रेघ मागे राहिली, कापड गरकन फिरलं – आणि मी माझ्याच टाक्यांच्या वेटोळ्यात कोंडले गेले. चहूकडे शिवलेलं, बाहेर पडायला जागाच नाही.

बाबा हवालदिल झाले. "आता सगळं उसवावं लागेल!"

खाट करकरली. आई उठून आली होती, केस विस्कटलेले, उजवा हात पोटाशी धरलेला. ती त्या वेटोळ्यावर वाकली.

"काहून थांबून राहिली गं? ओलांड ना त्या रेघेला."

"अगं, पण ओलांडायचं नाही असं ठरलं होतं," बाबा म्हणाले.

"अहो, ठरवणं खूप झालं आता. चलो, पाय मार तू."

तिने डावा हात माझ्या हातांवर ठेवला आणि आम्ही टाक्यांवरून टाके घालत पार निघून गेलो. दुसऱ्या दिवसापासून ती रोज थोडा वेळ मशीनपाशी येऊन बसू लागली. पुढे चार हिवाळे आई आम्हाला लाभली. चारच.

आता बाबा माझ्याकडे अधारतालला असतात. रजई गच्चीवर उन्हात टाकली की खुर्ची ओढून तिच्यापाशी बसतात, नजर अधू झाल्यामुळे बोटांनीच टाके चाचपतात, आणि त्या ओलांडलेल्या जागी दर वर्षी अडखळतात.

"इथे तू घाई केली होतीस," ते म्हणतात. मी "हो" म्हणते.

घाई नव्हती ती. आईला उठून यावंच लागेल अशी जागा मी त्या सकाळीच, ते वाट आखत असताना, त्यांच्या शेजारी बसून शोधून ठेवली होती.