दुसऱ्याच्या डब्यातला स्क्रू

ऑपरेशनमध्ये गुडघ्यात स्क्रू बसला की आम्हाला वाटायचं, संपलं. डॉक्टर तेव्हा कुठे सुरू व्हायचे. गुडघ्याखाली लोंबणारी नव्या लिगामेंटची टोकं मुठीत धरायचे आणि म्हणायचे, "ओढीसन दखू." ओढायचे, गुडघा वाकवायचे, सरळ करायचे, पुन्हा ओढायचे. मन भरलं की त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे." म्हणजे सगळं ठीक आहे.

मी जळगावचा. हाडांच्या ऑपरेशनचं सामान, स्क्रूंचे डबे, धुळ्याला त्यांच्याकडे पुरवायचो. शून्यातून वर आलोय, त्यामुळे भाव करताना माझा आवाज चढतो. ते चढू द्यायचे. "शेठ, ओरडून झालं? आता खरा भाव सांगा." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यावर चिडल्याशिवाय राहवत नाही आणि दुसरीकडे जाववतही नाही.

एरंडोलजवळ मोटारसायकल घसरली आणि माझंच लिगामेंट तुटलं. डॉक्टर तेच, सामान अर्थात माझं. कमरेखाली बधिर होतो, पण डोळे गुडघ्याच्या आतलं दाखवणाऱ्या टीव्हीच्या पडद्यावर आणि तोंड मोकळं. स्क्रू बसला. त्यांनी ओढलं आणि थांबले.

"सरकतंय."

"कुठे सरकतंय?" मी झोपल्या झोपल्या ओरडलो.

"शेठ, आज तुम्ही पेशंट. गप पडा."

"साहेब, माझा धंदा माझ्या पायांवर चालतो, मीच का खोटं बोलू? स्क्रू पक्का आहे. हाड मऊ असेल."

"मग हाड कोणाचं शे?"

सिस्टरसुद्धा हसली.

माझ्याच डब्यातला मोठा स्क्रू त्यांनी लावून पाहिला. ओढला. मान हलवली. मग कपाटातून दुसरा डबा मागवला. धुळ्यातल्या ज्या सामानवाल्याशी माझं जन्माचं वाकडं, त्याचा. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच गुडघ्यात! मी शिव्या घातल्या. ते शांतपणे ओढत होते. त्याचा स्क्रू बसला, तेव्हा कुठे म्हणाले, "बठ्ठं बराबर शे."

पुढे प्रत्येक भेटीत मी हटून बसायचो, "माल चांगला होता, एवढं कबूल करा."

"माल चांगलाच शे, शेठ. तुमना गुडघासाठे नही."

मला ते आजही पटलेलं नाही. आणि आता वाद घालायला ते नाहीत.

ते गेले तेव्हा धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. बैठकीत सतरंजी अंथरलेली, कडेला वयस्करांसाठी खुर्च्या. त्यातल्या एकीवर तोच दुसऱ्या डब्याचा मालक. मला पाहून उठला. "या, इथे बसा. ऑपरेशन झालंय तुमचं."

मी त्याच्यासमोर खाली मांडी घातली. बराच वेळ बसलो. निघताना मला उठवायला त्याने हात पुढे केला, पण मी माझा मीच उठलो.