ऑस्कर पास झाला

सुभेदार नानासो सैन्यातून निवृत्त होऊन उंब्रजला आले त्याला नऊ वर्षं झाली, पण त्यांच्यातलं सैन्य काही अजून निवृत्त झालेलं नाही. पहाटे पाचला दाढी, साडेपाचला फिरणं, आणि कुठल्याही कामाचं रीतसर ट्रेनिंग झालेलं असलंच पाहिजे हा हट्ट. घरात नवी शेगडी आली तेव्हा त्यांनी बायकोला, बयाबाईंना, तिचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पस्तीस वर्षं स्वयंपाक करत आलेल्या त्या माउलीनं ते भाकरी थापत थापत ऐकून घेतलं.

मुलगा इंद्रजित पुण्यात राहतो. त्याच्या फ्लॅटमध्ये मावेनासा झालेला लॅब्रडॉर त्यानं गेल्या पावसाळ्यात गावी आणून सोडला. नाव ऑस्कर. कुत्रा गुणी, पण सुभेदारांचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. फाटक उघडं दिसलं की ऑस्कर रस्त्यावर. दुसऱ्या खेपेला दुधाच्या टेम्पोनं कचकन ब्रेक मारला आणि बयाबाईंनी नवऱ्याला बजावलं,

"आवं, पुन्ना ह्यो रोडला गेला तर म्या इंद्रजितला फोन लावनार. म्हनावं, घिऊन जा. मुकं जनावर माझ्या डोळ्यांदेखत मेल्यालं मला सोसायचं न्हाई."

नानासो "बरं" म्हणाले खरे, पण ऑस्करला परत पाठवायची त्यांची तयारी नव्हती. पहाटे त्यांच्याबरोबर चालणारा आणि बर्फातल्या चौकीची गोष्ट दर वेळी शेवटपर्यंत ऐकून घेणारा सबंध गावात एक ऑस्करच उरला होता. तो गेला तर फिरायला जायचं कुणाबरोबर आणि बोलायचं कुणाशी?

यावर उपाय एकच. ट्रेनिंग.

मलकापुरात पाळीव प्राण्यांच्या खाद्याचं एक चकचकीत दुकान झालं होतं. तिथं दर रविवारी कुत्र्यांना आज्ञापालन शिकवायचा क्लास भरायचा. शिकवणारा साईराज हा गोड बोलणारा पोरगा. सहा रविवारांचा कोर्स, वेळ एक तास. त्या तासातली वीस मिनिटं सात कुत्री एकमेकांचा वास घेण्यात घालवत आणि पुढची वीस मिनिटं साईराज मालकांना पट्टे, शाम्पू आणि रबरी हाडं दाखवण्यात. उरलेल्या वेळात तो एकेका कुत्र्याला चकचकीत फरशीवर उभं करी, खिशातली बिस्किटाची पिशवी वाजवी आणि म्हणे, "सिट!" कुत्रं बसायचं. मालक स्टुलावर बसून चहा पीत टाळ्या वाजवायचे. पट्टा साईराजच्या हातात, बिस्किट साईराजच्या हातात. मालकांनी काय करायचं, याचा त्या कोर्सात कुठं उल्लेखच नव्हता.

सुभेदारांना मात्र यात वावगं दिसलं नाही. रिक्रूट एकदा ट्रेनिंग सेंटरला सोपवला की घरच्यांनी मधे लुडबुड करायची नसते. "बाहेरचं खायला द्यायचं नाही सर, भाकरी तर अजिबातच नाही," असं साईराज म्हणाला, तेही त्यांना पटलं. जवान मेसबाहेर जेवत नाही.

सहाव्या रविवारी ऑस्कर पास झाला. फोटोसकट सर्टिफिकेट मिळालं. नानासोंनी ते चौकटीत घालून भिंतीवर, स्वतःच्या सेवापदकांशेजारी टांगलं. मग अंगणात जाऊन, छाती काढून हुकूम सोडला, "ऑस्कर, सिट!"

ऑस्करनं अंगणातल्या मातीकडं पाहिलं, सुभेदारांच्या खिशाकडं पाहिलं आणि शेपटी हलवत निघून गेला. तो बसायचा फक्त गुळगुळीत फरशीवर, आणि पिशवी वाजली तरच. तक्रार घेऊन गेल्यावर साईराजनं दुकानात एका झटक्यात त्याला बसवून दाखवलं. "बघा सर, इथं कसा ऐकतो! तुम्ही ॲडव्हान्स कोर्स लावा."

इकडं बयाबाईंचा वेगळाच कारभार चालू होता. संध्याकाळी भाकरी झाल्या की त्या परसदारी उभ्या राहून "यू, यू, यू" करत आणि चतकोर मोडून पुढं धरत. ऑस्कर असेल तिथून उड्या मारत यायचा. एकदा सुभेदारांनी हे पकडलं.

"अगं, ही काय कमांड हाय? गावातली मोकाट कुत्री बोलावतीस का काय! सगळं ट्रेनिंग बिघडंल त्येचं."

"चुकलं माझं," बयाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून हळू आवाजात "यू, यू" करू लागल्या.

दिवाळीनंतर आटपाडीकडचा मेंढपाळ धुळा मेंढरं घेऊन आला आणि ऊस तुटून गेलेल्या सुभेदारांच्या रानात त्यानं चार दिवस ती खतासाठी बसवली. त्याचं काळं कुत्रं नुसत्या शिटीवर कळपाला वळसा घालायचं. सुभेदार बघतच राहिले.

"धुळा, कुठं क्लास लावलास रं ह्येचा?"

"क्लास कसला, सुभेदार? त्यो माझ्यासंगं चालतो, माझ्यासंगं खातो. मग माझं न्हाई ऐकनार तर कुनाचं?"

हे बोलणं सुभेदारांना लागलं.

पाचव्या दिवशी दुपारी धुळा निघाला. बयाबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या होत्या. निरोप द्यायला सुभेदारांनी फाटक उघडलं, आणि ऑस्कर त्यांच्या पायांतून निसटून मेंढरांमागं थेट सर्व्हिस रोडवर. कराडच्या बाजूनं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता, टेपवर गाणी मोठ्यानं लावून.

"ऑस्कर, कम!" परेड मैदानावरचा आवाज होता तो. दोन मोटरसायकलवाले घाबरून थांबले, ऑस्कर नाही थांबला. "स्टे! सिट!" डांबरावर कोण बसतंय! ट्रॅक्टर जवळ आला. सुभेदारांची सगळी इंग्रजी संपली, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, फाटक्या आवाजात ते ओरडले,

"यू, यू, यू, यू!"

ऑस्करनं मान वळवली. कान उभे केले. आणि गेला तसाच माघारी धावत सुटला. ट्रॅक्टर धूळ उडवत मागून निघून गेला. ऑस्करनं सुभेदारांचे दोन्ही तळहात हुंगले. तिथं काहीच नव्हतं. तरी तो त्यांच्या पायाशी टेकून बसून राहिला. सुभेदार त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले, आणि ते धुळानंही पाहिलं, मोटरसायकलवाल्यांनीही.

संध्याकाळी बयाबाई आल्या. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. पण खोटा रिपोर्ट द्यायची सुभेदारांना सवय नाही.

"ऑस्कर रोडला गेला हुता," ते खाली मान घालून म्हणाले. "लाव इंद्रजितला फोन."

बयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हाक मारल्यावर परत आला न्हवं?"

"आला. तुझ्या हाकंला."

"मग त्यो गेल्यात धरायचा न्हाई." त्यांनी टोपल्यातली भाकरी काढली, चतकोर मोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. आजपास्नं तुमी घाला."

सुभेदार परसदारी गेले. शेजारी कुणी बघत नाही ना याची दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "यू, यू."