हरीदादांचे पाच पिक्चर

आमच्या युनिटमधली तीन-चार माणसं अजूनही कधीमधी एकत्र बसतात. पहिली दहा मिनिटं गुडघे आणि नातवंडं यांच्यात जातात. मग कोणीतरी म्हणतं, "हरीदादांचं ते आठवतं का?" आणि चहा गार होतो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमतात, आणि टाकायचं म्हटलं तर टाकवत नाहीत.

हरीदादा म्हणजे दिग्दर्शक हरिश्चंद्र तरे, भिवंडीजवळच्या वळ गावचे. ऐंशीच्या आसपास सुरू करून नव्वदीच्या अखेरीपर्यंत त्यांनी पाच मराठी पिक्चर काढले. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन पडले, एक चालला, एक बुडाला आणि एक लागलाच नाही. मी जवळच्याच टेमघरची. पाचही पिक्चरला त्यांच्याकडे कंटिन्युइटी बघायला होते. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये हिरॉइनच्या हातात किती बांगड्या होत्या आणि पेल्यात पाणी कुठवर होतं, हे वहीत लिहून ठेवायचं काम. त्यामुळे माझी आठवण जरा पक्की आहे.

*

पहिल्या पिक्चरला पैसे घातले याकूबशेठनी. शेठ जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, भिवंडीत त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. हरीदादांनी दहा वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत असिस्टंट म्हणून काढली होती. पुढे तिथलं काम सुटलं आणि ते शेठच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायला, लागले. पण डोक्यात एक गोष्ट होती, आणि ती ऐकवायला ते शेठच्या मागे लागले होते.

शेठना ऑफिसात बसून गोष्ट ऐकायला वेळ नव्हता. एक दिवस कारखान्यातून फेरी मारताना ते म्हणाले, सांग चालता चालता. चोवीस लूम धडधडत होते. शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही तिथे दादा हातवारे करत, ओरडत, मध्येच रडून दाखवत पाऊण तास गोष्ट सांगत होते. शेठ मान हलवत होते. शेवटी म्हणाले, काढू या पिक्चर.

मुहूर्ताच्या दिवशी दादांनी धीर करून विचारलं, की शेठ, तुम्हाला गोष्टीतलं नेमकं काय आवडलं?

शेठ म्हणाले, "गोष्ट मला एक अक्षर ऐकू आली नाही. पण तू सांगत होतास तेव्हा सहा जणांनी लूम थांबवले. माझ्या कारखान्यात लाईट गेल्याशिवाय लूम थांबत नाही, हरी."

*

तो पिक्चर, 'उसनी हळद', भिवंडीतच एका थेटरात लागला. शुक्रवारी नातेवाईक आले, शनिवारी नातेवाइकांचे नातेवाईक आले. मंगळवारच्या दुपारच्या शोला सात माणसं होती. मॅनेजर म्हणाला, शो रद्द करतो. दादांनी हात जोडले, की सात तर सात, चालू द्या.

इंटरव्हलला दादा आत जाऊन एकेकाला कसं वाटतंय ते विचारू लागले. मागच्या रांगेत एक भय्या पंख्याखाली गाढ झोपला होता. रात्रपाळी करून आलेला असणार. डोअरकीपर त्याला हलवायला निघाला, तर दादांनी त्याला अडवलं. राहू दे, दमलाय तो, म्हणाले.

शो सुटल्यावर तो माणूस ताजातवाना होऊन बाहेर आला. दादांनी त्यालाही विचारलं, पिक्चर कसा वाटला. तो मनापासून म्हणाला, "साहब, ऐसी नींद भिवंडी में पहली बार आयी."

दुसऱ्या दिवशी तो आणखी चार जणांना घेऊन आला. बुधवारी अकरा माणसं झाली. पुढे कोणी पत्रकाराने विचारलं, की तुमच्या पहिल्या पिक्चरला प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा होता, की दादा जरासे आठवल्यासारखं करून सांगायचे, "शांत."

*

दुसऱ्या पिक्चरला पैसे अगदीच बेताचे होते, म्हणून शूटिंग वळ गावातल्या दादांच्या जुन्या घरीच ठेवलं. 'वेशीवरची सून'. सासू सुनेला भर दुपारी घराबाहेर काढते, असा मोठा सीन होता. सासूचं काम करणाऱ्या बाई नाटकातल्या, आवाज खणखणीत. सुनेचं काम करणारी मुलगी नवी होती, पण त्या दिवशी खरोखरची रडायला लागली.

दादांची आई चुलीपाशी बसून सगळं बघत होती. कॅमेरा चालू आहे, सून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतेय, आणि आई उठून थेट मध्ये आली. तिने सुनेचा दंड धरला आणि सासूला म्हणाली, "पोरीला जेवून जाव दे. उपाशी कुनाला घराभायेर काढू न्हाय."

नाटकातल्या बाईंची भंबेरी उडाली, पण त्या जुन्याजाणत्या. गप उभ्या राहिल्या. आईने सुनेला आत नेलं, पाटावर बसवलं आणि भाकरी वाढली. ती मुलगी हुंदके देत जेवली. मी दादांकडे बघितलं, तर ते 'कट' म्हणायचे विसरले होते. कॅमेऱ्यातली फिल्म संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

मी वहीत काय लिहू, असं विचारलं. दादा म्हणाले, लिही, आई आत आली.

तो सीन त्यांनी तसाच ठेवला. पिक्चर दोन आठवड्यांत उतरला, पण प्रत्येक गावात त्या एका जागी टाळ्या पडल्या. वितरक दादांना म्हणाला, की पुढच्या पिक्चरला पैसे मी मिळवून देतो, फक्त ती म्हातारी पाहिजे. दादा आनंदाने वळ गावी गेले आणि आईला सगळं सांगितलं. आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"रडत्या पोरीला जेवाला घालाचं," ती म्हणाली, "त्याला मीच कशाला पायजे? तुमच्यातली कोनी बी घालंल."

*

तिसऱ्या पिक्चरने नाव काढलं. 'दोन दिवसांची पाटलीण'. लग्नानंतर दोन दिवसांत नवरा परागंदा होतो, बायको एकटीने शेत सांभाळते, नवरा म्हातारपणी परत येतो, दोघांची भेट होते आणि ती त्याच्या मांडीवर प्राण सोडते. दादांना शेवटच्या मरणाचा फार अभिमान होता. नुसतं मरण चार मिनिटांचं होतं.

पिक्चर भिवंडीत आणि कल्याणला एकाच दिवशी लागला. दोन्हीकडे सुरुवात बरी झाली. दुसऱ्या आठवड्यात कल्याणचा आकडा घसरला आणि भिवंडीचा मात्र वाढू लागला. जवळच्या मानकोली गावच्या बायका टेम्पो करून, डबे बांधून येऊ लागल्या. शुक्रवारी कारखाने बंद, त्या दिवशी तर रांग रस्त्यापर्यंत जायची. ह्याही पिक्चरला पैसे घालणाऱ्या याकूबशेठना उलगडा होईना. पिक्चर एक, थेटरं सारखीच, मग असा फरक का?

उलगडा दादांच्या भिवंडीतल्या घरी, स्वयंपाकघरात झाला. सुमनवहिनींची, म्हणजे दादांच्या बायकोची बहीण कल्याणहून आली होती. ती म्हणाली, की भावजी, बाकी सगळं छान आहे, पण तिला मारायला नको होतं. वहिनी म्हणाल्या, कोणाला? पाटलिणीला. अगं, ती कुठे मरते? ती नवऱ्याला चहा देते आणि पिक्चर संपतो, मी तीनदा बघितलाय. दोघी बहिणींचं तिथेच वाजलं. एक शपथेवर सांगत होती मेली, दुसरी शपथेवर सांगत होती जिवंत आहे.

दादा जेवण टाकून थेटरात गेले. मी तेव्हा हिशेबाच्या कागदांसाठी त्यांच्याकडे आले होते, म्हणून मीही गेले. शेवटचं रीळ चालू होतं. पाटलिणीने चहा दिला, नवऱ्याने बशीत ओतला, ती हसली, आणि भपकन थेटरातले दिवे लागले. बायका डोळे पुसत, हसत बाहेर निघाल्या.

वर प्रोजेक्टर चालवायला काशिनाथ नावाचा ऑपरेटर होता. दादा जिना चढून त्याच्यावर धावून गेले, की माझी चार मिनिटं कुठे आहेत? काशिनाथने मान खाली घालून सांगितलं, की पहिल्या दिवशी बायका रडत बाहेर पडल्या. त्यातल्या एकीने त्याला खालून हाक मारून विचारलं, एवढं आयुष्यभर राबवून घेतलंत, आता बसून चहा पण पिऊ देणार नाही का तिला? दुसऱ्या दिवसापासून तो चहा झाला की मशीन बंद करत होता.

 दादा खिडकीतून रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या बघत राहिले. मग खाली येऊन त्यांनी वितरकाला फोन लावला आणि सगळ्या प्रिंटमधून ती चार मिनिटं कापायला सांगितली.

कल्याणला पिक्चर परत उठला. सगळीकडे मिळून पंचवीस आठवडे चालला. रौप्यमहोत्सवाच्या समारंभात दादांनी काशिनाथला स्टेजवर बोलावलं आणि माइकवरून सांगितलं, "दिग्दर्शनातला माझा सगळ्यात चांगला निर्णय ह्यांनी घेतला. तोही मला न विचारता."

*

मग अर्थातच मुंबईच्या मोठ्या निर्मात्याची गाडी दारात आली. मोठा हिरो, रंगीत पोस्टर, चार गाणी. 'सोनेरी नांगर'. नांगरटीचा सीन वळच्या शेतात घ्यायचा होता. हिरोने नांगर धरला, पण बैल जागचे हलेनात. चुचकारलं, चारा दाखवला, काही उपयोग नाही. शेवटी दादांनी बैलांच्या मालकाला विचारलं, की झालंय तरी काय? तो म्हणाला, हिरोसाहेबांनी नांगर वर उचलून धरलाय. बैलाला वाटतंय काम झालं.

पिक्चरचं तसंच झालं. पहिल्याच सोमवारी खुर्च्या रिकाम्या. निर्मात्याची गाडी नंतर कधी भिवंडीच्या बाजूला फिरकली नाही.

दादा दोन दिवस घरात बसून होते. तिसऱ्या दिवशी दाढीला म्हणून बाहेर पडले. एरवी पिक्चरशिवाय दुसरं न बोलणारा न्हावी त्या दिवशी कांद्याच्या भावावर बोलत राहिला. पानवाल्याने तब्येत विचारली. शाळेचे हेडमास्तर रस्त्यात भेटले, तर ते पाणीटंचाईवर बोलले. भिवंडीसारखं बोलभांड गाव, पण त्या आठवड्यात एका माणसाने पिक्चरचा 'प'सुद्धा काढला नाही. दादा मला म्हणाले, शैला, मला रडायला येतंय ते पिक्चर पडल्याबद्दल नाही गं.

शेवटी वळहून एक ऐंशीचे आजोबा मुद्दाम भेटायला आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं झालं. उठताना म्हणाले, "हरी, तुझा पिच्चर कसा चाललाय ते इचारू नको, असा सगल्यांनी सांगलाय मला. म्हनून मी इचारत न्हाय."

दादा त्या दिवशी आठवड्यानंतर पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नवी वही आणायला सांगितली.

*

त्या वहीतला पिक्चर 'चार लूम'. नव्वदीची अखेर जवळ आली होती, घरोघरी केबल आलं होतं. कारखान्यातल्या माणसाचा एक दिवस, एवढीच गोष्ट. पैसे पुन्हा याकूबशेठचे. कलाकार म्हणजे कारखान्यातलीच माणसं. मुख्य काम रामसूरत नावाच्या कारागिराचं. बावीस वर्षं तो भिवंडीत लूम चालवत होता आणि वर्षातून एक महिना उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी जायचा. कॅमेऱ्यासमोर तो अभिनय वगैरे करत नव्हता. आपल्या वाट्याच्या चार लूममधून नेहमीसारखा फिरत होता.

एकाही वितरकाने तो पिक्चर घेतला नाही. वर्षभर फिल्मचे डबे शेठच्या ऑफिसात पडून होते. तेवढ्यात रामसूरत सुट्टीवर गावी गेला, तिथे आजारी पडला आणि वारला. मुलगा इथे कारखान्यातच होता. तो काही महिन्यांनी आईला घेऊन भिवंडीला आला. तिने हे शहर आधी कधी पाहिलं नव्हतं.

मुलाने दादांना येऊन विचारलं, की अम्मांना तो पिक्चर बघता येईल का? दादांनी थेटर मागितलं. मॅनेजरने शुक्रवारची सकाळ दिली. कारखान्यातली आणि आजूबाजूच्या कारखान्यांतली साठ-सत्तर माणसं आली. शेठ आले, सुमनवहिनी आल्या. तिकीट नव्हतं. 'चार लूम'चा तेवढाच एक शो झाला.

ती पहिल्या रांगेत, मुलाच्या शेजारी बसली होती. डोक्यावर पदर, पाठ ताठ. पडद्यावर रामसूरत आला आणि चालू लागला. ह्या लूमचा तुटलेला धागा जोड, त्या लूमचा सूत संपलेला धोटा बदल, परत इकडे, परत तिकडे. मध्येच कोणाकडे तरी बघून हसला. 

पिक्चर संपला. दादा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी विचारायच्या आधी तीच बोलली.

"इतना तेज चलते थे?" ती म्हणाली. "घर में तो पानी लेने भी धीरे-धीरे उठते थे."

मुलगा रडायला लागला. ती रडली नाही. तिने पदर नीट केला आणि पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, की ते परत दाखवता येईल का? दादांनी वर हाक मारली. ऑपरेटरने ते रीळ पुन्हा चढवेपर्यंत सगळे बसून राहिले. मुलगा तिला म्हणाला, अम्मा, दमली असशील, उद्या बघू.

"नहीं," ती म्हणाली. "अभी तो मुँह देखा है. अब हाथ देखूँगी."