दाजींचा न हललेला फोटो

आमच्या दाजींना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस अख्ख्या मावळ तालुक्यात कुणाला भेटला, तर तो खोटारडा आहे हे मी डोळे मिटून सांगत असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणार मळवली, पण 'राहणार' हा शब्द त्यांना फक्त रेशनकार्डापुरता लावायचा. जेवायला बसणं त्यांना ठाऊक नाही. भाकरी हातात घेऊन ते पडवीतून गोठ्यात, गोठ्यातून चुलीपाशी असे फिरतात आणि आक्का कालवणाची वाटी घेऊन त्यांना गाठत असते. माझ्या लोणावळ्याच्या घरी आले की उंबऱ्यातच म्हणतात, "बसत न्हाई पाव्हणं, निगालोच." मग तासभर उभ्यानं गप्पा चालतात आणि ते गेल्यावर त्यांचा अर्धा चहा आम्हाला कधी खिडकीत, तर कधी चपलांच्या कपाटावर सापडतो. कुसगावच्या सलूनमध्ये त्यांची कटिंग होते, तेव्हा एका कानामागचे केस हमखास लांब राहतात, कारण कात्री तिथवर पोचेपर्यंत दाजी रस्त्यावर कोण चाललंय ते बघायला उठलेले असतात.

भातलावणीत दोरी धरून सरळ रांगेत रोपं लावायची तर दोन टोकांना दोघं लागतात. दोरी धरणाऱ्यानं चिखलात नुसतं उभं राहायचं असतं. हे काम दाजींना एकदाच दिलं होतं. रांग आमच्या खाचरात सुरू झाली आणि शेजाऱ्याच्या बांधाकडे तोंड करून संपली. तेव्हापासून ते टोक आक्काच्या हातात आहे. फोटोंचीही तीच गत. त्यांच्या लग्नाच्या फोटोत आक्काच्या नथीचा मोतीन् मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे आणि शेजारी फेट्याखाली एक धूसर ढग आहे. तेच दाजी. "साऱ्या गावाचे फोटू हायेत, ह्यांचाच येक धड न्हाई," हे आक्काचं कायमचं दुखणं. यावर दाजी म्हणायचे, "म्या जिता हाय ना समोर? फोटू कशाला पायजे?"

दोनेक वर्षांपूर्वी दाजींना एकाच्या जागी दोन दिसायला लागलं. दोन म्हशी, दोन विहिरी, दोन आक्का. "येक सांबाळता येईना, तितं दुसरी आली," असं ते गावभर हसत सांगत फिरले. मीच त्यांना धरून तपासायला नेलं. डोक्याचा फोटो काढायच्या मशीनमध्ये घातलं तेव्हा तोही हललेला आला, हे सांगायला नकोच. दुसऱ्यांदा गुंगीचं औषध देऊन काढला. कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसेला बिलगून गाठ होती. ऑपरेशन करून निघाली तेवढी काढली, पण नसेला चिकटलेला भाग तसाच राहिला. तेव्हा मात्र मला हसू येईना.

त्या उरलेल्या भागासाठी आम्ही घाटाखालच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार शांतपणे समजावलं. नेहमीचे किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्यालाही होरपळवतात. इथला प्रोटॉन कणांचा झोत मात्र वाटेत थोडंथोडं देत जातो, ठरवलेल्या खोलीवर उरलेला जोर एकदम सोडतो आणि तिथंच थांबतो. त्या टोकाशी पेशींना त्याचा मार सगळ्यात जास्त बसतो. "म्हणून ते टोक गाठीतच पडायला हवं," बाई म्हणाल्या. "तुम्ही हललात, तर ते नसेवर पडेल. मग डोळ्याचं सांगता येणार नाही."

दाजी अर्थातच उभे होते. ते खुर्चीवर बसले. म्हणजे मघाचा तो खोटारडा मीच निघालो.

"म्हंजे दोरी धरायची," दाजी म्हणाले.

बाईंना काही कळेना. "कसली दोरी?"

"आमच्याकडं दोरी धरनारा हालला की रांग वाकडी जाती, बाई. मला कुनी धरूच देत न्हाई."

आक्का त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आता धरा."

मग गरम पाण्यातून काढलेला प्लॅस्टिकच्या जाळीचा मऊ पत्रा त्यांच्या चेहऱ्यावर ताणून बसवला. तो गार होऊन कडक झाला आणि त्याला दाजींचं नाक, कपाळ, हनुवटी सगळं आलं. रोज तो मुखवटा घालून त्यांचं डोकं टेबलाला जखडायचं आणि मग झोत सोडायचा. पहिल्या दिवशी मी आणि आक्का बाहेर बाकावर एकमेकांचा हात घट्ट धरून बसलो होतो. मशीनवरची मुलगी हसत बाहेर आली. "काका जरासुद्धा हलले नाहीत. फक्त पायाचे अंगठे नाचवत होते." डोळ्यापासून अंगठे फार लांब असल्यामुळे त्यांना माफी होती.

पहिला शनिवार आला आणि उपचाराला सुट्टी असल्याचं कळल्यावर दाजी खवळले. "खाडा? म्या जल्मात कामाला खाडा केला न्हाई!" बाईंनी पुन्हा समजावलं. पेशीच्या आत दोन पदरी धागा असतो, झोतानं त्याचे पदर तुटतात. मधल्या वेळात चांगल्या पेशी ते सांधून घेतात, गाठीच्या पेशींना ते तितकं साधत नाही. म्हणून तर सगळा डोस एकदम न देता रोज थोडाथोडा द्यायचा. दाजींनी यातून स्वतःपुरता अर्थ काढला, तो असा की आत दोर वळायचं काम चाललंय, तेव्हा आपण हलून चालायचं नाही. त्या शनिवारी ते मळवलीच्या ओट्यावर जे बसले, ते सोमवारीच उठले म्हणायचे.

उपचार संपले तरी बसणं संपेना. गाव त्यांना बघायला येऊ लागलं आणि दाजी मान न हलवता प्रवचन करू लागले. "येक पदर तुटला तर दुसऱ्याकडं बघून सांदता येतो. दोनी पदर येका जागी तुटलं की पेशीचं अवगड हाय. पन लगीच मरत न्हाई बरं. येकाची दोन व्हाया जाती, तवा मरती."

"मंग मेल्या का न्हाई?" शेजारच्या आबांनी विचारलं.

ते कळायला पुढची तपासणी होईपर्यंत वाट पाहायची होती, आणि त्या काळात दाजी सोडून आम्ही सगळेच सैरभैर झालो. आक्का आता त्यांच्या हातात ताट देऊन स्वतःच पडवी-गोठा-चूल अशा फेऱ्या घालू लागली. मी काहीही काम नसताना लोणावळ्याहून मळवलीला येऊन उभ्यानं अर्धा चहा पिऊन परत जाऊ लागलो. ओट्यावरचा तो शांत माणूस मला बघवत नव्हता. कधी नव्हे ते मनापासून वाटे, या माणसानं उठावं आणि कुणाच्या तरी कामात उगाच लुडबुड करावी.

तपासणीच्या दिवशी गुंगीचं औषध लागलं नाही. चित्र स्वच्छ आलं. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गाठ थांबली आहे. अजिबात वाढलेली नाही. नसही चांगली आहे. मात्र तपासायला येत राहायचं."

"थांबली? ती?" दाजी उठले. "मंग आता म्या कशाला थांबू?" पुढचं ऐकायला ते खोलीत नव्हतेच. गाडीपाशी गेलो, तर ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचं चाक बदलून देत होते.

परवा मळवलीला गेलो तेव्हा ते घरात नव्हते. तो मुखवटा रुग्णालयानं घरी न्यायला दिला होता. आक्कानं तो लग्नाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवलाय. ती पदरानं त्याची धूळ पुसत होती.

"घे, मिळाला ना एकदाचा धड फोटो," मी म्हणालो.

"व्हय. नाकडोळं समदं जागच्या जागी हाय." तिनं पदराचं टोक मुखवट्याच्या पापण्यांवरून फिरवलं. "पन डोळं मिटल्यालं हायेत रे. बघवत न्हाई मला. हालल्यालेच बरे दिसत्यात."

मग मुखवटा तसाच सोडून, लग्नाच्या फोटोतल्या फेट्याखालच्या ढगावरून ती कितीतरी वेळ पदर फिरवत राहिली.